सहा नंबरचं ॲव्हरेज

१

गुरुवारी सकाळी साडेआठला मालकांनी सहा नंबरच्या गाडीची सीट उचलली आणि सीटखाली गोणपाटात गुंडाळलेला पाच लिटरचा रिकामा कॅन निघाला. कॅनला इंधनाचा वास येत होता. भोवती उभ्या असलेल्या पाच ड्रायव्हरांनाही तो आला, आणि आता कुणाच्या तोंडाकडे बघावं हे न कळल्यामुळे पाचही जण गाडीच्या नंबरप्लेटकडे बघू लागले, जणू ती त्यांनी आजवर कधी वाचलीच नव्हती.

"हा कशासाठी?" मालकांनी विचारलं.

सहा नंबरच्या ड्रायव्हरला सगळे उस्ताद म्हणत, कारण बाकीच्या पाचांपैकी चौघांना त्यानंच गाडी शिकवली होती. एरवी बोलका माणूस. मालकांनी विचारलं आणि उस्तादनं उत्तर दिलं नाही असं बावीस वर्षांत झालं नव्हतं. आज मात्र त्यानं खिशातून किल्ली काढली, मालकांच्या हातावर ठेवली आणि फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसला.

प्रकरण थोडक्यात असं. कारखाना कपडे धुण्याचा. रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे धुऊन पोचवायचे आणि मळलेले परत आणायचे. त्यासाठी सहा गाड्या, सहाही एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या. महिन्यापूर्वी मालकांच्या आयुष्यात 'दूरगामी' नावाचं एक गुलाबी औषध आलं. रोज एक छोटी बाटली डिझेलच्या टाकीत ओतली की गाडीचं ॲव्हरेज वाढतं, असं बाटलीवर छापलेलं होतं. मालकांनी महिनाभर सहाही गाड्यांवर प्रयोग केला. आधी सगळ्या गाड्या लिटरला बारा किलोमीटर देत होत्या. पाच गाड्या तेरा देऊ लागल्या. सहा नंबर बाराच्या पुढे सरकेना. तीच गाडी, तेच औषध, मग उरलेलं डिझेल जातं कुठे, असा प्रश्न मालकांना पडला, आणि सीट उचलल्यावर उत्तर मिळालं असं त्यांना वाटलं.

वाटलं, पण पचलं नाही. म्हणून पोलिसांऐवजी त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, तू ये. उस्तादनं डिझेल चोरलं असं दिसतंय."

"दिसतंय की चोरलंय?"

"तेच तू बघ. उद्या चार वाजता मी दूरगामीची एजन्सी घेतोय, सह्या आहेत. त्याच्या आत मला उस्तादचं काय ते ठरवायचंय. आणि ताई, मला ठरवायचंच नाहीये गं."

२

ताईंनी वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे त्यांना इन्स्पेक्टरबाईच म्हणत, आणि त्यांच्या पर्समध्ये अजूनही पावडर-कंगव्याच्या जागी मोजपट्टी, खडू आणि भिंग असे. माणसं फारशी खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं मत होतं. मापं खोटं बोलतात, आणि माणसं बिचारी त्यांच्या भरवशावर शपथा घेतात.

पहिली भेट ऑफिसातल्या कारकूनबाईंची. त्यांच्या मागे भिंतीवर एक मोठा काळा फळा होता, त्यावर एक ते सहा आकडे आणि प्रत्येकापुढे ॲव्हरेज. बस, एवढंच.

"किती डिझेल भरलं, किती किलोमीटर झाले, ते कुठे लिहिता?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"रोजच्या कागदावर. ड्रायव्हर आकडे लिहून देतात, मी भागाकार करते आणि कागद फाइलला लावते. फळ्यावर फक्त ॲव्हरेज. साहेबांना एकच आकडा लागतो हो. दोन दिसले की त्यांचं डोकं दुखायला लागतं."

हे खरं होतं. लहानपणी पाढे म्हणतानासुद्धा धाकट्या भावाचं डोकं दुखायचं. गेली कित्येक वर्षं या कारखान्यात माणसाची किंमत त्या फळ्यावर ठरत होती. ॲव्हरेज चढलं की पाठीवर थाप, उतरलं की चौकशी.

गाड्यांची देखभाल बघणारा फोरमन आपल्या वर्कशॉपमध्ये स्वच्छ हात पुन्हा पुन्हा पुसत उभा होता. इमानदार, घाबरट आणि कामात चोख, अशी त्याची ख्याती.

"प्रयोगाच्या आधी गाड्यांना काही केलं होतं का?"

"साहेबच म्हणाले, परीक्षा निकोप झाली पाहिजे, सगळ्या गाड्या ठाकठीक करून घे. मग तेल बदललं, फिल्टर बदलले, ब्रेक बघितले, टायर नवे चढवले. अगदी नवरीसारख्या नटवल्या."

"सहा नंबरही?"

"तेल, फिल्टर तिचेही केले," फोरमन म्हणाला, आणि फडकं खाली पडलं ते उचलायला वाकला. "टायर तेवढे तिला दोनच महिन्यांपूर्वी घातले होते. मग पुन्हा कशाला?"

तीन नंबरचा ड्रायव्हर सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत बडबड्या. त्याचं औषधाविषयीचं मत इतकं चांगलं होतं की बाटलीवाल्यांनी त्याला पगारावर ठेवायला हरकत नव्हती.

"बाई, गाडी लोण्यासारखी चालते आता. इतकी की वेग कळतच नाही. काटा साठ दाखवतो आणि मला वाटतं पन्नास-पंचावन्ननंच चाललोय. परवा एक आजी स्कूटरवरून मला मागे टाकून गेल्या. काटा साठ, आणि आजी पुढे."

"आजींनीही दूरगामी घातलं असेल," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. तीन नंबरनं यावर खरोखरच विचार केला. मग त्याचा चेहरा उतरला. "बाई, उस्ताद चोरी करणार नाहीत. पण फळ्यावर बारा आहे ना. फळ्याला काय सांगणार?"

शेवटी बाटलीवाले. दूरगामीचे प्रतिनिधी, गळ्यात टाय, हातात फाइल, चेहऱ्यावर सज्जनपणा. इन्स्पेक्टरबाईंना ठक ओळखण्याची चांगली सवय होती, आणि हा गृहस्थ ठक नव्हता याचंच त्यांना वाईट वाटलं. ठक असता तर काम सोपं झालं असतं.

"मी स्वतःच्या गाडीतही हेच घालतो, मॅडम. दीड किलोमीटरनं वाढलंय. आईशपथ सांगतो."

"आईला मध्ये आणू नका. सहा नंबरला का गुण आला नाही?"

बाटलीवाल्यांनी दुःखानं मान हलवली. "औषध इंजिनाला बरं करतं, मॅडम. माणसाची नियत बरी करायला आमच्याकडे बाटली नाही."

हे ऐकून इन्स्पेक्टरबाईंचं डोकं तापलं. त्यांनी टेबलावरचा तो कॅन उचलला आणि त्या तडक फाटकाकडे निघाल्या.

३

उस्ताद बाकावर बसला होता. शेजारी डबा होता, न उघडलेला. जेवणाची सुट्टी झाली होती आणि पाचही ड्रायव्हर आवाराच्या दुसऱ्या टोकाला जेवत होते. एकाच्याही घशाखाली घास उतरत नसावा, कारण पाचांत मिळून एक शब्द ऐकू येत नव्हता.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात," उस्ताद उठून उभा राहिला.

"बसा. मी विचारते, तुम्ही सांगा. डिझेल काढलंत?"

"नाही."

"मग कॅन कशाला?"

उस्तादनं मान खाली घातली. इन्स्पेक्टरबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी पर्समधून पांढराशुभ्र रुमाल काढला, त्याचं एक टोक कॅनच्या तोंडातून आत घातलं, फिरवलं आणि बाहेर काढलं. रुमालाचं टोक गुलाबी झालं होतं.

"वास सारखा असला तरी डिझेल गुलाबी नसतं," त्या म्हणाल्या.

उस्तादचा चेहरा असा झाला की बाईंना त्याच्याकडे बघवेना, म्हणून त्या रुमालाची घडी घालत बसल्या. मग तो आपणहून बोलू लागला.

"मी एक दिवसही टाकीत ओतलं नाही. सगळं औषध त्या कॅनमध्ये ओतायचो. बाटली रिकामी परत द्यावी लागते ना. कॅन भरला तसा घरी दुसऱ्या डब्यात रिकामा केला, तो डबा अजून माळ्यावर आहे. नऊ वर्षं मी ते इंजिन सांभाळलंय, बाई. त्याच्या पोटात काय जातंय हे मला माहीत नाही, आणि मी ते घालायचं? माझ्याच्यानं झालं नाही."

"मग हे सकाळी का नाही सांगितलंत? चोरीचा आळ परवडला?"

"रोज कागदावर एक रकाना असतो, 'औषध ओतले'. त्यात मी रोज सही केली. पंचवीस सह्या, पंचवीसही खोट्या." त्यानं बाकावरचा डबा बाजूला सरकवला. "चोर म्हणाले तर मी मनातून म्हणू शकतो की मी चोर नाही. खोटारडा म्हणाले तर काय म्हणू?"

इन्स्पेक्टरबाईंना हायसं वाटलं. चोरी झालीच नव्हती. हे आत्ता भावाला सांगायचं, उस्तादला किल्ली द्यायची आणि घरी जायचं. त्यांनी उस्तादला बरोबर घेतलं आणि ऑफिसचा जिना चढल्या. तोवर आपण या माणसाची नोकरी वाचवायला नाही, घालवायला निघालो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

४

मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे चोरी नाही. देवा, सुटलो," ते म्हणाले. मग दुसरा विचार आला आणि चेहरा आणखी खुलला. "आणि म्हणजे औषध खरंच चालतं. बघ ना ताई, पाच जणांनी ओतलं, पाचांना तेरा. एकानं नाही ओतलं, त्याला बारा. याहून चांगला पुरावा दुसरा कुठला?"

बाटलीवाले कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाले, "असा प्रयोग तर आमच्या कंपनीनंही केला नव्हता."

मग मालकांची नजर उस्तादकडे गेली आणि खुललेला चेहरा हळूहळू मिटला. "पण उस्ताद, पंचवीस खोट्या सह्या? उद्या दुसरा कुणी ब्रेक न तपासता सही करेल. रुग्णालयाच्या चादरी वाहतो आपण. मी काय करू, तुम्हीच सांगा."

"तुमचं बरोबर आहे, साहेब," उस्ताद म्हणाला. "पाच गाड्यांना गुण आला म्हणजे औषध खरं. मीच हट्टानं अडून बसलो. उद्या चारपर्यंत थांबतो, कागद करून ठेवा." आणि तो जिना उतरून गेला. बावीस वर्षांची नोकरी त्यानं अशी भांडण न करता सोडून दिली, हेच इन्स्पेक्टरबाईंना सहन झालं नाही.

शुक्रवारी सकाळी सातला त्या माल भरण्याच्या धक्क्यावर एका उलट्या टोपलीवर बसल्या होत्या. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच की त्यांच्या कारकिर्दीत सगळ्या गोष्टी इतक्या सुबकपणे जुळल्या, तेव्हा दर वेळी तराजूच्या पारड्याखाली काहीतरी चिकटवलेलं निघालं होतं.

धक्का गाडीच्या फरशीच्या उंचीचा बांधलेला होता. गाडी मागे येऊन टेकली की चादरींची ट्रॉली सरळ ढकलत आत न्यायची. ट्रॉली ढकलण्याचं काम करणारी मावशी अंगानं किरकोळ आणि तोंडानं खंबीर होती. एक नंबरची गाडी टेकली. मावशीनं भिंतीशी उभा केलेला पत्रा आणला, धक्का आणि गाडी यांच्यात आडवा टाकला आणि ट्रॉली त्याच्यावरून नेली.

"पत्रा कशाला?" बाईंनी विचारलं.

"मग काय, ट्रॉली धाडकन खाली आपटते. इंचभर पायरी पडलीय बघा. या गाड्या माजल्यात हल्ली, खाली बसून घेतात."

"कधीपासून?"

"महिना झाला असेल. त्या आधी नव्हतं असलं काही."

दोन नंबरला पत्रा लागला. तीनला लागला, चारला, पाचला लागला. मग सहा नंबर आली. ती फोरमन चालवत होता, कारण उस्तादची किल्ली काढून घेतलेली होती. मावशीनं पत्र्याला हात लावला नाही. ट्रॉली एका धक्क्यात सरळ आत गेली.

"ही शहाणी आहे," मावशी म्हणाली. "उस्तादची आहे ना."

इन्स्पेक्टरबाई टोपलीवरून उठल्या. तशाच ऑफिसात गेल्या आणि कारकूनबाईंकडून रोजच्या कागदांची फाइल मागून घेतली. कागद लावण्यापलीकडे गेल्या दोन महिन्यांत ती कुणी वाचलीच नव्हती. त्यांनी तीन नंबरचे कागद काढले. त्याचा रस्ता ठरलेला होता: तीन रुग्णालयं, दोन हॉटेलं, परत कारखाना. रोज तोच, एक वळणही कमी-जास्त नाही. प्रयोगाच्या आधीच्या महिन्यात तो रस्ता रोज शहाण्णव किलोमीटर भरत होता.

प्रयोग सुरू झाल्यापासून तोच रस्ता रोज एकशे चार भरत होता.

५

दुपारी तीनला इन्स्पेक्टरबाईंनी सगळ्यांना आवारात बोलावलं. मालक आले, एजन्सीच्या कागदांसकट बाटलीवाले आले, कारकूनबाई, फोरमन, पाच ड्रायव्हर आणि सगळ्यांच्या मागे उस्ताद. तीन नंबर आणि सहा नंबर शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही रिकाम्या होत्या.

"मी फार बोलणार नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांना ओळखणाऱ्या एकानंही यावर विश्वास ठेवला नाही. "तीन नंबर, रोज सगळं करून किती डिझेल लागतं?"

"आठ लिटर, बाई."

"औषधाच्या आधी किती लागायचं?"

"आठच." म्हटलं आणि तो स्वतःच दचकला.

"रस्ता बदलला?"

"नाही."

"तोच रस्ता, तेवढंच डिझेल. मग वाचलं काय?" त्यांनी फाइल उघडून वर धरली. "फाइल बघा. डिझेल एक थेंब कमी झालेलं नाही. वाढलाय तो रस्ता. शहाण्णवचा एकशे चार झालाय. आठनं भागलं की बाराच्या जागी तेरा येतात आणि फळा खूश. पाचही गाड्यांचं तेच. सहा नंबरचा रस्ता तेवढा आधी एकशे आठ होता, आजही एकशे आठच आहे."

"रस्ता कसा वाढेल, ताई?" मालकांनी कपाळ दाबत विचारलं. आकडे दोनपेक्षा जास्त झाले होते.

बाईंनी पर्समधून खडू काढला. सहा नंबरच्या पुढच्या चाकाला, जिथे ते जमिनीला टेकलं होतं तिथे, एक रेघ मारली आणि जमिनीवरही रेघ मारली. "ढकला. चाकावरची रेघ फिरून पुन्हा खाली आली की थांबा."

दोघांनी गाडी ढकलली. चाकाचा एक फेरा पूर्ण झाला तिथे बाईंनी जमिनीवर दुसरी रेघ ओढली आणि मोजपट्टी लावली. "दोनशे चार सेंटिमीटर. आता तीन नंबर."

तीन नंबरचा फेरा पूर्ण झाला. या वेळी मोजपट्टीवरचा आकडा बाईंनी कारकूनबाईंना वाचायला लावला.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," कारकूनबाईंनी वाचलं, आणि पुन्हा एकदा वाकून वाचलं.

"गाडीचं मीटर रस्ता बघत नाही," बाई सांगू लागल्या. "ते बिचारं चाकाचे फेरे मोजतं आणि एका फेऱ्याचं ठरलेलं अंतर धरून किलोमीटर लावतं. ठरलेलं म्हणजे दोनशे चार. या पाच गाड्यांची चाकं लहान आहेत. तेवढ्याच रस्त्याला त्यांना जास्त फेरे मारावे लागतात. मीटरला वाटतं, गाडी लांब गेली. काटाही त्याच फेऱ्यांवर चालतो, म्हणून साठ दाखवताना गाडी पंचावन्ननं चालते आणि आजी पुढे निघून जातात. चाक लहान म्हणून गाडी इंचभर खाली, म्हणून मावशीला पत्रा लागतो. सहा नंबरचे टायर जुन्या मापाचे आहेत. तिचं मीटर खरं बोलतं. सहाच्या सहा गाड्या आजही लिटरला बाराच किलोमीटर देतात. पाचांनी औषध घेतलं, एकीनं नाही घेतलं, आणि कुणालाच काडीचा फरक पडला नाही."

"पण मॅडम, माझ्या गाडीत दीड किलोमीटर," बाटलीवाले म्हणाले.

"औषध घालायला लागल्यापासून गाडी कशी चालवता?"

"जपून. म्हणजे, ॲव्हरेज बघायचं असतं ना, म्हणून सावकाश," आणि ते मध्येच थांबले.

"तो गुण तुमच्या पायाचा. इंजिनात घाण साचली असेल तर ती धुणारी औषधं असतात, त्यांचा थोडा उपयोग होतोही. पण धडधाकट इंजिन डिझेल जवळजवळ सगळं जाळतंच. जे डिझेलमध्ये नाहीच ते बाटली कुठून काढणार? या गाड्या धडधाकट आहेत, कारण इथली माणसं त्यांना जिवापाड जपतात." त्या वळल्या. "आणि म्हणून मला एकच विचारायचंय. फोरमन, टायर कुठल्या मापाचे मागवले होतेस?"

फोरमन मटकन गाडीच्या पायरीवर बसला. त्याच्या तोंडून पहिलं जे निघालं ते सगळ्यांना अनपेक्षित होतं.

"बरं झालं विचारलंत, बाई."

मग तो थांबलाच नाही. माप त्यानं फोनवर सांगितलं होतं, पाठ होतं म्हणून कागद न बघता, आणि एका मापानं चुकलं. वीस टायर आले, दुकानदार परत घेईना. रिमवर बसत होते, म्हणून चढवले. आठवड्यानं फळ्यावर तेरा आले, साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पण थोपटलेली पाठ परत कशी करायची? आज सांगतो, उद्या सांगतो, म्हणत मूग गिळून बसला. "काल उस्तादनं किल्ली दिली ते मला कळलं. तरी तोंड उघडलं नाही. मलाच माझी लाज वाटते, बाई. काय शिक्षा द्यायची ती द्या, पण आता छातीवरचा दगड उतरलाय."

६

मालक जमिनीवरच्या रेघांकडे बघत उभे होते. कुणालाही वाटलं असतं की ते भडकणार. पण ते बाटलीवाल्यांकडे वळले.

"तासाभरानं मी सही करणार होतो. आणि मग गावभर सांगत सुटलो असतो, या औषधानं माझं ॲव्हरेज वाढलं म्हणून." त्यांनी हात जोडले. "तुम्ही चहा घेऊन जा. मनात काही ठेवू नका."

बाटलीवाल्यांनी एजन्सीचे कागद फाइलमध्ये घातले. जाताना ते इन्स्पेक्टरबाईंपाशी थांबले. "मॅडम, मी आजवर नेहमी मनापासून सांगत होतो," ते म्हणाले.

"ते दिसतच होतं. आता मनापासून मोजायला लागा."

फोरमनला शिक्षा झाली. वीसही टायर त्यानं स्वतःच्या हातानं उतरवायचे, आणि त्याआधी उस्तादपुढे जाऊन जे बोलायचं ते बोलायचं. तो गेला. काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही, पण उस्तादनं त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला सगळ्यांनी पाहिला.

ऑफिसात मालकांनी किल्ली टेबलावर ठेवली. "उस्ताद, चोरीचं मी मनात आणलं, ते माझं चुकलं. सगळ्यांसमोर सीट उचलली, ते तर फारच चुकलं. सह्यांचं तुमचं चुकलं. पुढच्या वेळी पटलं नाही तर माझ्या तोंडावर नाही म्हणा, पण खोटी सही नको. फिटलं?"

"फिटलं, साहेब," उस्ताद म्हणाला. पण त्यानं किल्ली उचलली नाही.

"आणखी काही हवंय?"

उस्ताद घुटमळला. "एक फोन कराल? माझ्या घरी. मी सांगितलं तर ती ऐकेल, पण तिला बरं वाटावं म्हणून सांगतोय असं वाटेल. तुमच्या तोंडून ऐकलं तर," म्हणत त्यानं टेबलावरचा फोन मालकांकडे सरकवला.

मालकांनी लगेच फोन लावला. पलीकडून आवाज आला तसे ते उभे राहिले, फोनवर दिसत नाही हे विसरून. "वहिनी, मी कारखान्यातून बोलतोय. उस्तादांनी काही घेतलेलं नाही. थेंबभरसुद्धा नाही. चूक आमची होती. ते उद्यापासून त्यांच्या गाडीवर आहेत."

ऑफिसात सगळे ऐकत होते आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होते.

"मला माहीत होतं हो," पलीकडून उस्तादची बायको म्हणाली. आवाज शांत होता. "कालपासून मी त्यांना तेच सांगतेय. पण माझं सांगणं त्यांना पुरेना. म्हणत होते, बावीस वर्षांत मी असा काय वागलो असेन की साहेबांना माझ्याबद्दल हे वाटावं. तसं काही नव्हतं, तेवढं त्यांना सांगा."

मालकांनी फोन ठेवला नाही. तो तसाच हातात धरून ते टेबलाच्या या बाजूला आले, उस्तादच्या समोर, आणि पलीकडे तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्ही काहीच तसं वागला नाहीत. मी फळा वाचला आणि माणूस वाचला नाही."

उस्तादनं मान हलवली. आजवर तो या ऑफिसात नेहमी उभा राहूनच बोलला होता. आता त्यानं शेजारची खुर्ची ओढली, तिच्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इन्स्पेक्टरबाईंनी कारकूनबाईंना खुणेनं बाहेर बोलावलं, दोघी बाहेर आल्या आणि बाईंनी दार हलकेच ओढून घेतलं.